बापू, हळद आणि ४ जून

४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. सांगलीत अपक्ष उमेदवार आघाडीवर, त्यामुळे बाहेर फटाके आणि गुलाल. आत, माझ्या म्युच्युअल फंड विक्रीच्या ऑफिसात, स्क्रीन लालभडक. बारानंतर सेन्सेक्स ६,००० हून जास्त अंकांनी खाली होता. आदल्याच दिवशी, सोमवारी, एक्झिट पोलच्या जोरावर तो २,५०० ने उसळला होता.

बाकीचे फोन करत होते. बापू मार्केट यार्डातून थेट आले, बाह्यांवर हळदीची पूड तशीच.

"मॅडम, फंडातलं काढा सगळं. तीनच्या आत." तीनच्या आत अर्ज गेला तरच त्या दिवसाचा भाव मिळतो, हे त्यांना पाठ.

"बापू, हळदीचा भाव पडला की पोती विकता?"

"छे! गोडाऊनला ठेवतो. दोन-दोन वर्षं ठेवलीय."

"मग हे का?"

"हळद डोळ्यांना दिसते ओ."

२००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, तेव्हा त्यांच्या वडिलांची जमिनीखालची हळद गेली होती. तीही कुठे दिसत होती? पण ते तेव्हा बोलवेना.

मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख मोठं, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं. मी ते परीक्षेपुरतं घोकलेलं. समोर दिसत होतं ते असं: बापू अजूनही चांगल्या नफ्यात होते, पण त्यांच्या लेखी मुद्दल म्हणजे सोमवार संध्याकाळचा आकडा.

अर्ध्यावर तडजोड झाली. २:५० ला अर्ज गेला, पैसे एफडीत.

शुक्रवारी सेन्सेक्स ७६,६९३ वर, म्हणजे सोमवारच्याही वर बंद झाला. मी मुद्दाम फोन केला नाही. त्यांचाच आला: "झोप लागतीय बघा." मी वाद घातला नाही. ते फंडात राहिले तर मला कमिशन, तेव्हा माझा सल्ला तरी कितपत निखळ?

सप्टेंबरअखेर बापू पुन्हा दारात. सेन्सेक्स ८५,००० च्या पुढे.

"एफडी मोडायची. स्मॉल कॅपला टाकू." म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात.

"पितृपक्ष चालू आहे, बापू." या पंधरवड्यात ते साधा वजनकाटाही विकत घेत नाहीत.

"असू दे ओ. शेजारच्या गाळेवाल्यानं चार महिन्यांत..." पुढचा आकडा त्यांनी बोटांवर दाखवला.

मी एसआयपीचा, म्हणजे दरमहा थोडं थोडं टाकायचा, फॉर्म पुढे केला. त्यांनी तो परत सरकवला. "एकरकमी."