उधाणाची रेषा आणि केवणीची गाठ: खाडीकाठच्या बागेतली प्रगती

चवथीनंतर ठरवलेल्या तीन कामांपैकी दोन आता उभी आहेत. तिसरं, खाजनाच्या (भरतीचं पाणी बांधाने अडवून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीच्या) बांधाचं, अजून सुकतंय. नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी थोडक्यात: जागा पणजीतली खाडीकाठची बाग. एका अंगाला तिवरं, दुसऱ्या अंगाला रहदारीचा रस्ता. आम्ही काही हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी इथे तात्पुरत्या कला-मांडण्या (इन्स्टॉलेशन) करतो. विषय पाण्याचा, कचऱ्याचा, मातीचा. मे महिना सरायच्या आत सगळं उतरवायचं, ही पहिल्यापासूनची अट आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. गवत-मातीचं काम त्यात तग धरणार नाही, आणि धरावं अशी अपेक्षाही नाही.

यंदा मी एक गोष्ट सगळ्यांच्या मागे लागून मान्य करून घेतली. प्रत्येक कामाचा कागद करताना ते सुटणार कसं, हे आधी लिहायचं. कोणती गाठ कुठून सोडायची, माल कुणाकडे परत जाणार, मातीत काय जिरणार. हे लिहिता आलं नाही तर ते काम घ्यायचं नाही. शाश्वततेवरचं काम उतरवताना मागे केबल टाय आणि थर्माकोलचे दाणे राहणार असतील, तर त्या कामाने बागेला काय दिलं?

आता उधाणाची रेषा. पायवाटेच्या कडेने माणग्याचे (ही बांबूचीच एक जात) खांब रोवले आहेत, जमिनीवर साधारण दोन मीटर उंच. माणगा जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, हाताळायला सोपा. बांबू ओला वापरला तर वाळताना आक्रसतो आणि बांधणी सैल पडते, म्हणून पूर्ण वाळलेलाच घेतला. खालचं टोक वाळवीसाठी भाजून काळं केलं, खड्ड्यात उभं केलं आणि भोवती चिऱ्याचे तुकडे ठोकून भरले. सिमेंट कुठेच नाही. मे अखेरीस खांब हलवून उपसायचा आणि खड्डा मातीने बुजवायचा, बस्स.

प्रत्येक खांबावर काथ्याचा जाड पट्टा गुंडाळला आहे. उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं, नेमकी तीच पातळी. ही पातळी अंदाजाने घ्यायची नव्हती. सर्वात मोठी भरती पौर्णिमेच्या दिवशीच येते असं नाही, एखाद-दोन दिवस मागाहून येते. तेव्हा त्या दिवसांत खाडीच्या पायऱ्यांवर थांबून पाणी टेकलं तिथे खडूने रेघ मारली. पुढचं काम गवंड्याच्या नळीने केलं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि आत एकही बुडबुडा राहिला नाही ना, ते उजेडात धरून बघायचं. एक टोक खडूच्या रेघेशी, दुसरं खांबाशी. चालताना दोन्ही तोंडांवर अंगठा दाबलेला हवा, नाहीतर पाणी सांडतं आणि पुन्हा भरत बसावं लागतं. अंगठे काढले की पाणी जरा वर-खाली होतं आणि स्थिरावतं. खांबाकडचं पाणी जिथे थांबलं तिथे खूण करायची. मग तीच पातळी या खांबावरून पुढच्या खांबावर न्यायची. लेझर मिळाला असता, पण या नळीने पोरांनाही काम करता आलं. पाणी आपली पातळी आपणच शोधतं, हे त्यांनी हातात धरून पाहिलं.

फाटकापाशी ही रेषा घोट्याच्या जरा वर येते. पुढे बाग उतरत जाते आणि खालच्या हिरवळीपाशी पट्टा लहान मुलाच्या कमरेपर्यंत पोचतो. मध्ये खाडीचा बांध आहे म्हणून हिरवळ कोरडी. लोक तिथे थबकतात, पट्टा बघतात, मग खाडीकडे बघतात. पाटी लावायची गरज पडेल असं वाटलं होतं, पण तशी फारशी पडली नाही.

मुख्य पट्ट्याच्या खाली एक बारीक पट्टाही आहे, बरोबर २० सेंटिमीटर खाली. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातली समुद्रपातळी सरासरी ०.२० मीटरने वाढली. आकडा जागतिक सरासरीचा आहे, मांडवीचा नाही, आणि तसं तिथे स्पष्ट लिहिलंय. हातभर लांबून पाहिलं तर अंतर काहीच नाही वाटत. खांबाशी वाकून दोन पट्ट्यांमध्ये वीत ठेवली की मात्र ते अंगाला कळतं. हे लिखाण पोफळीच्या विरीवर (झावळीच्या बुडाच्या रुंद खोळीवर) कोळशाने केलंय. फ्लेक्स नको म्हणूनच. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक आणि सजावटीचा थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच, पण जाड फ्लेक्स तरी कशाला?

रंगांबद्दल अनेकांनी विचारलं होतं. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकचाच पापुद्रा, तो सोलून मातीत जातो, म्हणून बाद. चुन्याच्या निवळीत कालवलेली काव (तांबडी माती) उत्तम बसली आहे. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उन्हात विटतो, आणि चुन्याशी गाठ पडली की लालसर होतो. पिवळा हवा असेल तर हळद सावलीतल्या कामातच वापरा.

दुसरं काम, केवणीच्या दोरीने बांधलेली चौकट, मला स्वतःला सर्वात जवळचं. तात्पुरत्या मांडणीची कला शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळी बघा. लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, चिबूड, कवंडळ, रानातली फळं-फुलं, आणि सगळं केवणीच्या सालीच्या दोरीने बांधलेलं. काही दिवस राहते आणि उतरते. तिच्यातलं काहीच कचरा होत नाही. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्ताने शहरभर मोठमोठ्या मांडण्या पाहायला मिळतात, पिळर्णला कलाकार डॉ. सुबोध केरकरांच्या म्युझियम ऑफ गोवामध्येही आपण जातो, त्यातून शिकायला मिळतंच. पण बांधणीचे धडे मी माटोळीकडून घेतले.

सुरुवातीला गटात एक सूचना आली होती की अर्ध्या चौकटीत रानफळं आणि अर्ध्या चौकटीत खाडीतून निघालेल्या चपला, बाटल्या, गुटख्याची पाकिटं टांगू. कल्पना परिणामकारक झाली असती. मी विरोध केला. माटोळी देवाची. तिच्या चौकटीत चप्पल टांगलेली पाहून बागेत येणाऱ्या आजीला जे वाटेल, ते तिला वाटायला लावण्याचा हक्क मला नाही. खाडीतला कचरा वेगळ्या पाट्यांमध्ये, वेगळ्या कोपऱ्यात मांडला. चौकटीत फक्त याच बागेत आणि आसपास गळून पडलेलं: शेंगा, बिया, सोडणं, सुकी पानं. तिला आम्ही माटोळी म्हणतही नाही.

केवण सोलायला एका जाणत्या काकांनी शिकवलं. ती मुरुडशेंगेची साल. फांदीचा बुंधा ठेचायचा, साल सुटी करायची आणि एका ओढीत वरपर्यंत खेचायची. ओली असताना चामड्यासारखी वळते. काका सगळीकडे सुरगाठ मारतात, निरगाठ कुठेच नाही. मला त्यांनी पहिल्याच गाठीला अडवलं, "उतरवताना सुरी लागली तर दोरी वाया गेली." दोरी पुढच्या वर्षीही तीच वापरतात ते.

चौकट आंब्याखाली दोन खांबांवर उभी आहे. झाडाला काही बांधलेलं नाही, खिळा तर नाहीच. तरी काही पानं चौकटीला टेकलेली होती आणि तेवढ्या वाटेने हुमले (झाडावरच्या लाल मुंग्या) आले. सुक्या पानांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. चौकटीला टेकलेल्या आंब्याच्या हिरव्या पानांवर मात्र काम सुरू झालं. एका ओळीत लागून मुंग्यांनी दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरल्या, आणि मागून एक मुंगी जबड्यात आपली अळी धरून, विणकराच्या धोट्यासारखी या कडेवरून त्या कडेवर फिरवत राहिली. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पानं शिवली गेली. ते घरटं हलवायचं नाही असं ठरलंय. त्या बाजूची गाठ मे महिन्यात सर्वात शेवटी सोडू.

हिशेबाच्या वहीबद्दल. कलाकार ओलाफुर एलियासन यांनी 'आइस वॉच' या मांडणीसाठी ग्रीनलंडचा बर्फ २०१५ साली पॅरिसमध्ये आणून वितळायला ठेवला, तेव्हा त्या कामाचा कार्बनचा हिशेबही मांडला गेला. त्यात सर्वात मोठा वाटा बर्फाच्या वाहतुकीचा होता. हे वाचल्यापासून आम्हीही प्रत्येक वस्तू कुठून आली, कशाने आली हे लिहितो. आपल्या छोट्या कामातही तेच दिसतं. माल जवळचा असतो, पण टेम्पोच्या फेऱ्या वाढल्या की सगळं फिरतं. म्हणून आता बांबू आणि काथ्या एकाच खेपेत आणतो.

बांधाविषयी एवढंच: चिकणमाती, भाताचं काड आणि शेण यांचा वळणदार कठडा, बसण्याजोगा. नुसत्या मातीच्या नमुन्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, काड घातलेल्याला केसाएवढ्या. दुसरा थर सावलीतच द्यायचा आहे.

तिवरांकडे आम्ही काहीच मांडलेलं नाही, आणि यापुढेही नाही. ती जागा सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत) सर्वात कडक संरक्षणातली, आणि ओहोटीला उघडी पडणारी श्वसनमुळं एका पावलानेही मोडतात. तिथे माणसांना नेऊन फक्त पानाची मागची बाजू बोटाने पुसायला सांगतो. तिवर नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. दुपारी पानावर त्याचे कण चमकतात, बोट जिभेला लावलं की खारट लागतं. ही मांडणी तिवराने स्वतःच केली आहे. रात्रीचे दिवेही लावणार नाही. दोघांनी मागितले होते, पण काठावर रात्री बगळे उतरतात.

आता मदतीचं. बांधाजवळ सावलीसाठी मल्लं (नारळाच्या झावळ्यांच्या विणलेल्या तट्ट्या) हवी आहेत. चुडतं, म्हणजे झावळ्या, आहेत, विणणारे हात कमी आहेत. चोडण, दिवाडी किंवा डिचोलीकडे मल्लं विणणाऱ्या कुणी मावशी माहीत असतील आणि त्या रीतसर मजुरी घेऊन एक दिवस शिकवायला तयार असतील, तर जरूर कळवा. चुडतं विणण्याआधी किती भिजत घालायची, यावर गटात दोन मतं आहेत. ज्यांनी स्वतः विणलंय त्यांनी आपली रीत सांगावी. काथ्याला काव धरून राहावी म्हणून कुणी आधी चुन्यात बुडवून पाहिलं असेल, तर तेही सांगा. पुढच्या उधाणाआधी पट्टे पुन्हा रंगवायचे आहेत.