ढगपेटी, नोंद 7 : आईची शेकायची पिशवी आणि पहिली रेघ

मंडळी, रेघ दिसली! ढगपेटी म्हणजे तळ गार केलेली स्पिरिटच्या वाफेची पेटी, आकाशातनं आलेला कण तिच्यातल्या धुक्यातनं गेला की पांढरी रेघ उमटते, तीच ही. काल रात्री पावणेअकराला दिसली, आणि एक नव्हे, पहिल्या दहा मिनिटांत मी सतरा मोजल्या, मग मोजायचं सोडून नुसता बघत बसलो.

मागच्या नोंदीत कुठं थांबलो होतो ते आठवत असेलच. आठ पेल्टियर (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते त्या चकत्या), दोन-दोनच्या चार जोड्या, वरचे 5 व्होल्टवर, खालचे 12 वर, खाली पाण्याचे ब्लॉक, कूलरचा पंप आणि आडाच्या पाण्याची बादली. प्लेट उणे 31 ला टेकली म्हणून मी खुशीत लिहिलं होतं की आता दोन दिवसांत रेघा दाखवतो. त्याला एकोणीस दिवस झाले. एकोणीस दिवस दुकान बंद केलं की जेवण करून पेटीपुढं बसायचं, टॉर्च आडवी धरायची आणि बघायचं, तर काय, तळाला अर्धा सेंटिमीटर धुकं, त्यात बारीक पाऊस पडायलाय, आणि रेघ एक नाही. थेंब पडतात म्हणजे वाफ आहे, धुकं आहे म्हणजे थंडी आहे, मग रेघ का येईना हे काय केल्या कळंना.

पहिला संशय आयपीएवर, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलवर, ज्याची वाफ पेटीत असते ते स्पिरिट. बाटलीवर 99 टक्के छापलेलं, पण प्लेटवर पांढरा थर जमायला लागला, मिठागरासारखा, तेव्हा वाटलं यात पाणी आहे. एक सोपी परीक्षा सांगतो, सगळ्यांनी करून बघा. काचेच्या बरणीत थोडं घ्या, त्यात कोरडं मीठ टाका आणि चांगलं हलवा. शुद्ध असेल तर मीठ तसंच तळाला बसून राहतं. पाणी असेल तर मीठ पाण्याला ओढून घेतं आणि थोड्या वेळानं बरणीत दोन थर वेगळे दिसतात, वर स्पिरिट, खाली खारं पाणी. माझ्या बरणीत दोन थर आले. दुकानाचं नाव घेत नाही, पण माझं मत स्पष्ट आहे की औषधाच्या दुकानातलं घेऊच नका, मोबाईलचे बोर्ड धुणाऱ्यांना जे पुरवतात त्यांच्याकडनं घ्या, त्यांना पाणी चालत नाही म्हणून ते स्वतःच बघून घेतात. नवीन आणलं, पांढरा थर गेला, धुकं छान काळ्या प्लेटवर दिसायला लागलं, पण रेघ नाही.

मग गळतीचा संशय. पेटीच्या कडेला उदबत्ती फिरवली तर एका कोपऱ्यात धूर आत ओढला जायला लागला. टायरवाल्याकडनं ट्रकची जुनी ट्यूब आणली, तिची अखंड चौकट कापली आणि काचेखाली बसवली. फोमच्या पट्टीपेक्षा शंभरपट चांगली, फुकट मिळते आणि आयपीएनं चिकट होत नाही. धुकं एकदम शांत झालं, आधी आत वारं फिरल्यासारखं हलायचं ते थांबलं. तरी रेघ नाही.

मग प्लेटच. उद्यमबागेतल्या ज्या लेथवर ती फेस करून, म्हणजे सपाट करून आणली होती तिथं परत गेलो. तिथला अण्णा प्लेट हातात घेऊन म्हणाला, इदेन्री (हे काय हो), गेल्या महिन्यातच केली नव्हं? मी म्हटलं पेल्टियर नीट टेकत नाहीत वाटतं. त्यानं निळा रंग लावून सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या पाटावर घासून दाखवलं, मधे रुपयाएवढा खोलगट भाग कोराच राहिला होता. पुन्हा घासून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त दिसलं की मला बोलवा म्हणाला. त्यानं आणखी दोन अंश खाली गेलो, उणे 33. रेघ नाही.

मच्छर मारायच्या रॅकेटचं सर्किट पण काढून टाकलं. धुक्यातले जुने आयन (आधीच्या कणांनी मागं ठेवलेले विजेचे भार) ओढून घ्यायला ते लावतात हे मला माहीत आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लावलंय, पण स्पिरिटची वाफ आणि ठिणगी एका डब्यात ठेवायची माझी तयारी नाही. मी मोटार वाइंडिंगवाला आहे, ठिणगी काय करते ते रोज बघतो. तुम्हीही नीट विचार करा.

आता खरी गोष्ट. परवा रविवारी पुतण्या बसला होता बघायला. तो नववीत आहे, डोळे तेज आहेत. दोन्ही तळहात वरच्या झाकणावर टेकवून, वाकून, तोंड जवळ नेऊन बघत होता. मी त्याला हात काढ म्हणणार एवढ्यात तो म्हणाला, काका, एक दोरा गेला. मी म्हटलं धुक्याची घडी असेल. तो म्हणाला, नाही, सरळ होता, माझ्या हाताखालीच होता. त्यानं हात काढले आणि पुढं अर्धा तास काही नाही.

हाताखाली. रात्रभर तेच डोक्यात. सध्या खानापुरात थंडी बघा की, रात्री दुकानात थर्मामीटर 17 दाखवतो. वरच्या फेल्टच्या पट्ट्या आयपीएनं भिजवलेल्या असतात, पण 17 अंशाला त्यातनं वाफ निघणार किती? 38 अंशाला तीच वाफ तिपटीहून जास्त निघते. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरणाऱ्यांची प्लेट उणे 78 ला असते म्हणून वर खोली कशीही असली तरी त्यांचं भागतं. आपण पेल्टियरवाले उणे तीसच्या आसपास, म्हणजे आपल्याला खालून कमी पडतं ते वरून भरून काढायला पाहिजे. मी एकोणीस दिवस तळाकडंच बघत होतो आणि कमतरता छतात होती. मे महिन्यात सुरुवात केली असती तर कदाचित पहिल्याच दिवशी दिसली असती.

हीटर लावायचा नाही हे आधीच ठरलेलं, कारण वर सांगितलंय. आई गुडघे शेकते ती रबराची पिशवी मागितली. तिनं पाणी तापवून स्वतः भरून दिली आणि म्हणाली, परत आणून दे, मला झोपायच्या आधी लागते. पिशवी टॉवेलात गुंडाळून झाकणावर ठेवली, फेल्टपाशी लावलेला थर्मामीटर 19, 24, 31 असा चढत गेला. 36 ला धुकं जाड झालं आणि खाली बसलं, साईसारखं. 38 झाले असतील नसतील, टॉर्चच्या उजेडात डाव्या कोपऱ्यातनं उजवीकडं एक पांढरी सरळ रेघ उमटली. ती ओढली जाताना दिसत नाही, एकदम असते. केसाएवढी बारीक, बोटाएवढी लांब, क्षणभर तशीच राहिली, मग मधे जरा वाकली आणि खाली धुक्यात विरली. आईला हाक मारली. ती आली, चष्मा पुसून बघितलं, दुसरी आली तेव्हा तिनं बोट दाखवलं, ही काय? मी म्हटलं, हे आई आकाशातनं आलंय. त्या रात्री तिची पिशवी तिला मिळाली नाही, पण ती स्वतःच बारापर्यंत स्टूल ओढून बसली.

आपण हे का करायलोय ते नव्यानं आलेल्यांसाठी सांगतो. मला ॲंटिमॅटर, म्हणजे प्रतिद्रव्य, बघायचं होतं, बस. अमेरिकन शास्त्रज्ञ अँडरसननं 2 ऑगस्ट 1932 ला ढगपेटीतच पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्लस प्रतिकणाचा, फोटो काढला. पेटीच्या मधे 6 मिलिमीटरचा शिशाचा पत्रा आणि भोवती प्रचंड चुंबक. कण पत्र्यातनं गेल्यावर मंदावला आणि जास्त वळला, म्हणून तो कुठल्या बाजूनं आला ते कळलं, आणि दिशा कळली म्हणून तो प्लस आहे हे कळलं. डिरॅकनं तो 1931 ला कागदावर मांडला होता. मला तो पत्रा आणि चुंबक जमवायचा होता, मागच्या नोंदीत स्पीकरचे चुंबक जमवायलोय असं लिहिलंही होतं.

पण काल रात्री वाचताना लक्षात आलं की मी चुकीच्या वस्तूच्या मागं होतो. या सरळ रेघा बहुतेक म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावाच्या) असतात, आणि म्युऑन दोन जातीचे, मायनस आणि प्लस. प्लस म्युऑन म्हणजे मायनस म्युऑनचा प्रतिकण, म्हणजे तो ॲंटिमॅटरच झाला! आकाशातनं आलेले प्रोटॉन वर हवेवर आदळून हा कणांचा वर्षाव होतो, आणि प्रोटॉन प्लस असतात, त्यामुळं प्लस म्युऑन थोडे जास्तच असतात, साधारण पाच प्लसला चार मायनस. म्हणजे काल मी ज्या रेघा मोजल्या त्यातल्या निम्म्या ॲंटिमॅटरच्या असायला हरकत नाही. कुठली ते सांगता येत नाही, पण ते माझ्या दुकानातनं, रिवाइंडिंगच्या तांब्याच्या ढिगातनं, आईच्या पिशवीतनं आरपार गेलं. स्पीकरच्या चुंबकानं ते वळवायचा विचार मी सोडला. हिशेब करून बघितला, अशा तेज म्युऑनला तसला चुंबक वळवणार ती 40 मीटरहून मोठ्या वर्तुळात, माझ्या आठ सेंटिमीटरच्या प्लेटवर ती रेघ सरळच दिसणार.

आणि काळातल्या प्रवासाचं म्हणाल तर माझ्यासाठी तेच मोठं आहे. म्युऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो. प्रकाशाच्या वेगानं पळाला तरी 660 मीटर. तो तयार होतो साधारण 15 किलोमीटर वर. आपल्या घड्याळानं हा प्रवास 50 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे हजार कोटीत एखाद-दुसरा खाली पोचायला पाहिजे. पण ते तळहातावर मिनिटाला शंभरेक पडतात, कारण त्यांचं घड्याळ सावकाश चालतं. जोरात पळणारा म्युऑन आपल्या हिशेबानं 80 मायक्रोसेकंदांपर्यंत टिकतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर 15 किलोमीटर आटून 400 मीटर झालेले असतात. हे घड्याळ मंदावणं म्युऑनच्या आयुष्यात दिसेल असं होमी भाभांनी 1938 मध्येच लिहून ठेवलं होतं, हे वाचून मला काय आनंद झाला सांगू. पुढच्या काळात जायचा प्रवास रोज चाललाय, मोजता येतो. मागच्या काळातला मात्र तसा नाही. पॉझिट्रॉन म्हणजे काळात उलटा चाललेला इलेक्ट्रॉन असं फाइनमनच्या आकृत्यांत काढतात, पण ती गणिताची सोय आहे, त्यावर बसून कुणी कालच्या दिवसात जात नाही. मला याचं वाईट वाटत होतं, आता वाटत नाही, एवढंच पुष्कळ आहे.

पुढचं काम असं ठरवलं होतं की पिशवीऐवजी झाकणावर गरम पाण्याची नळी फिरवायची. पेल्टियरचा गरम बाजूचा पाण्याचा फेरा आहेच, तेच पाणी वर नेता येईल का ते बघायचं. पण लिहिता लिहिता हे बारगळलं, कारण ते पाणी 30 च्या वर गेलं तर प्लेट तापते. मग वेगळी बादली, वेगळा पंप.

आणि अजून एक, आत्ताच सुचलंय. 1963 मध्ये फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेत 1900 मीटरच्या डोंगरावर ठराविक वेगाचेच म्युऑन निवडून तासाला 563 मोजले आणि खाली समुद्राजवळ 408. काळ मंदावत नसता तर खाली फक्त 27 यायला पाहिजे होते. आपल्याकडं डोंगर आहे, घाट आहे आणि घाट उतरला की समुद्र आहे. एकदा चोर्ल्यावर मोजायचं, एकदा गोव्यात किनाऱ्याला. पण पेटीनं नाही. पेटीचं मोजणं झाकणाच्या तापमानावर हलतं हे तर कालच दिसलं. त्याला दोन गायगर ट्यूब (कण गेला की टिक करणाऱ्या नळ्या) एकावर एक ठेवून, दोन्हीत एकदम टिक आली तरच मोजायची. हजार मोजल्या तर चूक बत्तीसेक, म्हणजे तीन टक्के, आणि आपली उंची त्या डोंगराच्या निम्म्याच्याही खाली, तेव्हा दोन्हीकडं चार-पाच हजार तरी मोजायला लागतील, म्हणजे रात्रभर बसायचं. ट्यूब कुणाकडं जुन्या पडून असतील तर सांगा, दोन सारख्या पाहिजेत. शिशाचा पत्रा आता वेटिंगला.

अण्णाला फोन केलाय, शनिवारी येतो म्हणाला. आईनं शहापुरातनं दुसरी पिशवी आणायला सांगितलीय, तिच्यासाठी.