ओलिओग्राफची चौकट : जुनी सागवानी पट्टीच का ठरली

रविवर्मा प्रेसने छापलेल्या सरस्वतीच्या जुन्या ओलिओग्राफचे काम आता चौकटीपाशी येऊन ठेपले आहे. छाप साधारण १४ बाय २० इंचांचा आहे. खडकावर बसलेली वीणाधारी सरस्वती, शेजारी मोर, पांढरी साडी आणि तिचे सोनेरी काठ. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापाच्या खालच्या समासात लोणावळ्याचा उल्लेख असल्याने तो त्या नंतरच्या काळातला आहे, एवढे नक्की म्हणता येते.

फ्रेमवाल्याकडे गेले की तो आधी पट्ट्यांचे कोपरे चित्रावर ठेवून रंग आणि नक्षी दाखवू लागतो. माझ्या मते निवड उलट दिशेने, म्हणजे आतून बाहेर करावी. ओलिओग्राफ म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून केलेली शिळाछपाई, आणि तिला तैलचित्राचे रूप यावे म्हणून वरून कॅनव्हाससारखा पोत उठवून दिलेला व्हार्निशचा हात. हे व्हार्निश काचेला टेकून राहिले, तर पावसाळ्यातल्या दमटपणात ते काचेला धरते आणि पुढे सोडवताना रंगासकट निघते. म्हणून काच आणि चित्र यांच्यात मोकळी जागा हवी, ही पहिली अट. पट्टीचा रंग त्यानंतर.

अशी जागा ठेवायला माउंट, म्हणजे चित्राभोवती बसणारा, मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, हा नेहमीचा मार्ग आहे, आणि बराच काळ माझाही कल तिकडेच होता. पांढरेशुभ्र माउंट लगेच बाद झाले, कारण त्याच्या शेजारी पिवळसर झालेल्या व्हार्निशखालची साडी मळकट दिसू लागली. मलईच्या रंगाचे माउंट शोभत होते. परंतु छाप जुन्या तसबिरीतून बाहेर काढल्यावर कडेला चारही बाजूंनी जेमतेम पाव इंचाची एक पट्टी दिसली, जिथले रंग उरलेल्या चित्रापेक्षा स्पष्टपणे ताजे आहेत. पाण्याचा निळा-हिरवा तिथे अजून गडद आहे आणि त्या रेषेच्या आत पाऊल टाकताच तो फिकट होतो. चौकटीच्या आतल्या कडेला चित्र बसवण्यासाठी असते त्या खाचेखाली झाकलेल्या या भागाला उजेड लागलाच नव्हता. समासातली छापखान्याची ओळ दिसावी म्हणून माउंटची खिडकी मोठी कापली असती, तर ही दुरंगी किनारही उघडी पडली असती, आणि मग पाहणाऱ्याची नजर सरस्वतीवर न जाता किनारीवरच गेली असती. खिडकी लहान ठेवली, तर माउंट असूनही ओळ झाकलेलीच राहते आणि चौकट मात्र विनाकारण मोठी होते. तैलचित्राचा आव आणणाऱ्या या छापांना कडेपर्यंत भिडलेली रुंद लाकडी चौकटच शोभते, हेही माझे मत आहे; माउंटमध्ये ते उगीच नाजूक वाटतात.

त्यामुळे जुनी सागवानी चौकटच कायम केली. तिची उघडी जागा त्या फिकट भागाशी तंतोतंत जुळते. छापखान्याच्या ओळीचे छायाचित्र काढून ते मागच्या बाजूला पाकिटात ठेवणार आहे.

अडचण होती ती खाच किती खोल आहे याची. जुनी खाच ८ मिलिमीटर खोल आहे. तिच्यात ३ मिलिमीटरचे अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक, कडेने लपणारी ४ मिलिमीटरची अंतरपट्टी, आधाराच्या बोर्डासह २ मिलिमीटरचा छाप आणि पाठीचा ३ मिलिमीटरचा बोर्ड मावत नाही, कारण बेरीज १२ होते. मूळ लाकूड न कोरता चौकटीच्या मागे ६ मिलिमीटर जाडीची सागवानी पट्टी स्क्रूने जोडली. उद्या कोणाला काढावीशी वाटली, तर ती सहज निघेल. सुट्या कोळशासारखे रंग असते, तर ॲक्रिलिकवरच्या स्थिर विजेने ते ओढले गेले असते. व्हार्निश केलेल्या आणि कुठेही पापुद्रे न सुटलेल्या छापाला तो धोका नाही.

पाठीला खोक्याच्या फळ्या होत्या. त्यांच्या जोडांच्या जागी कागदाच्या मागे तपकिरी रेषा उमटल्या आहेत, तेव्हा त्या परत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या जागी आम्लमुक्त बोर्ड घेतला असून छाप त्यावर फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी टांगला आहे. बाकीच्या कडा मोकळ्या ठेवल्याने दमट हवेत कागदाला फुगायला वाव राहतो. बिजागऱ्यांसाठी गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ वापरली. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याचा बाइंडरांचा जुना सल्ला इथे मुद्दाम टाळला, कारण तांब्याचे क्षार कागदाला कालांतराने ठिसूळ करतात.

आता मागची बाजू कागदी टेपने बंद करणे आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवणे बाकी आहे, म्हणजे तसबीर भिंतीपासून किंचित सुटी राहील. जागा आतल्या भिंतीवर ठरली आहे. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. साडीच्या काठांना जुळणारी बारीक सोनेरी पट्टी आतून लावावी का, हे मात्र अजून ठरलेले नाही. नमुन्याचा कोपरा लावून पाहिला तेव्हा दिव्याच्या उजेडात ती छान दिसली आणि दिवसा जरा भडक वाटली.