गस्सान-तोदा: पोलादाच्या मुलखातला उजाड गड

जपानी किल्ला म्हटलं की पांढऱ्या भिंतींचा, कौलारू मजल्यांचा मनोरा डोळ्यांपुढे येतो. शिमाने प्रांतातल्या गस्सान-तोदावर त्यातलं काही नाही. डोंगर, तट, जोती आणि गवत. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

ओकायामाहून ‘याकुमो’ गाडीने यासुगीला पोचायला साधारण अडीच तास लागतात. तिथून हिरोसे भागात, गडाच्या पायथ्याशी, पिवळी बस जाते. फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे परतीच्या वेळेचा फोटो आधीच काढून ठेवा. बहुतेक पर्यटक वाटेतल्या आदाची कला संग्रहालयाची प्रसिद्ध बाग बघून परततात. गडाच्या दृष्टीने बरंच आहे ते!

पण थेट गडावर जाऊ नका. यासुगी स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पोलादनिर्मितीचं वाको संग्रहालय आहे, ते आधी बघा. सामुराई तलवारींबद्दल बोलताना सगळे धारेवर आणि पात्यावरच्या नक्षीवर घसरतात. पोलाद कुठून आलं, हे इथे कळतं. मातीच्या भट्टीत लोखंडी वाळू आणि लोणारी कोळसा आळीपाळीने टाकत तीन दिवस, तीन रात्री आग पेटती ठेवायची. सुमारे 10 टन वाळू आणि 12 टन कोळसा खाऊन शेवटी अडीच टनांचा एक ओबडधोबड गोळा हाती येतो, आणि तो काढायला भट्टीच फोडावी लागते. गोळा फोडून त्यातले चांगले तुकडे निवडायचे. तेच तलवारीचं पोलाद, तामाहागाने. या भट्टीत आच तुलनेने कमी असल्याने फॉस्फरस आणि गंधक पोलादात फारसे उतरत नाहीत. पायांनी चालवायचा अवाढव्य भाता बघितला की तीन रात्री म्हणजे काय ते उमगतं.

आता गडाचा अर्थ लागतो. आमागो घराण्याने इथून मोठा मुलूख राखला, त्यात ओकुइझुमो या डोंगराळ भागातलं हे लोखंड होतं आणि पश्चिमेकडच्या इवामीतल्या खाणींच्या चांदीसाठीही त्यांची झुंज चालली होती. 1543 मध्ये चालून आलेल्या ओउची योशिताका या सरदाराला इथून हात हलवत परतावं लागलं. आमागोंचा दुसरा शत्रू मोरी मोतोनारी याने मात्र घाई केली नाही, रसद तोडली आणि 1566 मध्ये उपाशी गड शरण आला. पुढे होरिओ घराण्याने मात्सुएला नवा किल्ला बांधला आणि हा ओस पडला. आज दिसणारे दगडी तट बहुतांशी आमागोंनंतरचे आहेत.

पायथ्याच्या इतिहास संग्रहालयापासून माथा तासाभरात गाठता येतो. मधल्या सान्नाका-गोतेनच्या प्रशस्त सपाटीवर थांबा. तिन्ही बाजूंच्या वाटा इथेच येऊन मिळतात, म्हणून शत्रूला ही जागा टाळता येत नसे. पुढे ‘नानामागारी’ची वळणं सुरू होतात. उंची दोनशे मीटरसुद्धा नाही, पण चढ छातीवर येतो. वाटेत जुनी विहीर लागते. बालेकिल्ल्याआधी खोल खंदक आहे, आणि उतरून परत चढताना हल्लेखोराची काय गत होत असेल ते पोटऱ्या सांगतात. खाली आमागोंचा योद्धा यामानाका शिकानोसुके याचा पुतळा आहे. गड पडल्यावरही हा गडी 1578 मध्ये मारला जाईपर्यंत आमागोंसाठी लढत राहिला.

गडावर तिकीट नाही आणि दुकानही नाही. पाणी पायथ्याच्या महामार्ग-थांब्यावर घ्या. पावसानंतर पायऱ्या निसरड्या असतात, चांगले बूट हवेत. उन्हाळ्यात दमट उकाडा आणि डास, नोव्हेंबर उत्तम.

एक दिवस जास्त असेल तर गाडी भाड्याने घेऊन ओकुइझुमोच्या योकोता गावी जा. तलवार जतन संस्थेने 1977 मध्ये पुन्हा पेटवलेली भट्टी तिथेच हिवाळ्यात चालते आणि देशभरच्या तलवार-लोहारांना पोलाद पुरवते. ती आपल्याला बघता येत नाही. पण गावातल्या तातारा (म्हणजे हीच मातीची भट्टी) व तलवार संग्रहालयात भट्टीचा पूर्णाकृती नमुना आहे, ठरावीक दिवशी घणकामही दाखवतात.

खरी तलवार घरी न्यायची तर जपानच्या सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते, आणि इकडच्या कायद्याचं वेगळं. त्यापेक्षा यासुगीच्या पोलादाची स्वयंपाकाची सुरी घ्या. ती गंजते, वापरून लगेच पुसावी लागते. विमानात मात्र चेक-इन बॅगेतच टाका.