चव्हाण गेले, चव्हाण आले

माझं आडनाव चव्हाण. त्यामुळे नोव्हेंबर २०१० मध्ये माझी काय पंचाईत झाली ते माझं मलाच माहीत. अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रीपद गेलं आणि त्यांच्या जागी पृथ्वीराज चव्हाण आले, म्हणजे बातमीत चव्हाण गेले आणि चव्हाणच आले. सकाळी ऑफिसात एकाने मला धीर दिला, दुपारी दुसऱ्याने अभिनंदन केलं, आणि निघता निघता तिसरा म्हणाला, "खुर्ची घरातल्या घरातच ठेवलीत की राव!" अरे बाबा, ते दोघं एकमेकांचे कोणी नाहीत, आणि मी तर दोघांचाही कोणी नाही. एवढं सांगूनही पुढचा प्रश्न आलाच, "तरी लांबून काहीतरी असेलच ना?"

हे लांबून फार भारी प्रकरण आहे. लांबून म्हटलं की कोणीही कोणाचाही लागतो.

पण खरं सांगू का, मी स्वतः पण तेच करतो. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आधी केंद्रातले गृहमंत्री शिवराज पाटील पायउतार झाले आणि लगेच दुसऱ्या दिवशी राज्यातले आर. आर. पाटील, आणि राष्ट्रपती कोण तर प्रतिभा पाटील. इतक्या गंभीर बातम्या चालू होत्या आणि माझं डोकं मात्र मधेच आडनावांच्या दोऱ्या जुळवत बसलेलं. पाटील हा मुळात हुद्दा, गावोगाव एक तरी पाटील असायचाच, त्यात नातं कुठून येणार, हे कळतं हो, पण नजर अडकते ती अडकतेच. सोनाली कुलकर्णींचं तर अख्खं नावच सेम, दोघी अभिनेत्री, इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी थोडा फरक आहे पण देवनागरीत छापलं की तोही गायब. मग फोटो बघितल्याशिवाय बातमी नक्की कोणाची ते कळत नाही.

अमेरिकेत तर याहून कहर झालाय. १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली, अध्यक्ष झाले अँड्र्यू जॉन्सन. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली, अध्यक्ष झाले लिंडन जॉन्सन. दोघंही दक्षिणेकडचे, एक जन्मले १८०८ ला आणि दुसरे बरोब्बर १९०८ ला, आणि नातं शून्य. गोष्टीत कोणी असं लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, काहीही काय, दुसरं आडनाव सुचलं नाही का.

कोरियात मात्र हे रोजचंच. दक्षिण कोरियात दर पाच माणसांमागे साधारण एक किम. तिथे किम यंग-साम यांच्यानंतर लगेच किम डे-जुंग अध्यक्ष झाले, आणि जून २००० मध्ये हे दुसरे किम उत्तर कोरियात जाऊन तिथले नेते किम जोंग-इल यांना भेटले. तिघांत कोणी कोणाचं नाही. तिकडे नुसतं किम म्हणून भागतच नाही, मूळ कुठल्या गावचे किम ते बघतात, आणि आडनाव आणि मूळगाव दोन्ही एक निघालं तर लग्नाला कायद्यानेच बंदी होती, १९९७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती चुकीची ठरवली. हे वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे पण "चव्हाण" म्हटल्यावर पुढचा माणूस लगेच विचारतोच ना, "कुठले चव्हाण?"

घोटाळ्याच्या बातमीत चव्हाण दिसला की मी आधी त्याचं पाळण्यातलं नाव बघतो, मग वडिलांचं, मग गाव, आणि मगच पान उलटतो. तेव्हा कोणी विचारायच्या आधीच "आमच्यातले नाहीत हां" असं सांगून मोकळा होतो. पण मागे कुठल्याशा परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापून आला, आडनाव चव्हाण, आणि शेजारच्या काकांनी पेपर पुढे करत विचारलं, "तुमची कोण हो ही?"

मी जरा थांबलो. म्हटलं, "लांबून असेल."