‘अमेरिका’ नावाच्या मागावर: वॉशिंग्टन ते मॉन्टेव्हिडिओ

मराठीत ‘मुलगा अमेरिकेत असतो’ म्हटलं की कुणी ‘कुठल्या अमेरिकेत?’ असं विचारत नाही. मेक्सिको सिटीत हेच वाक्य स्पॅनिशमधून म्हणा, समोरचा हसत का होईना पण ऐकवतोच: ‘मग आम्ही कुठे आहोत?’

हे भांडण समजून घ्यायचं तर सुरुवात वॉशिंग्टनलाच करावी. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या थॉमस जेफरसन इमारतीत जर्मन नकाशाकार मार्टिन वाल्डझेमुलरचा १५०७ सालचा नकाशा आहे; ‘अमेरिका’ हे नाव पहिल्यांदा नकाशावर आलं ते इथे. प्रवेश फुकट, पण वेळेचा पास आधी ऑनलाइन काढून ठेवावा. नकाशा बारा कागदांचा, तीन ओळींत चार-चार, सगळा मिळून साधारण आठ फूट रुंद. पेटीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरलाय आणि उजेड मुद्दाम मंद ठेवलाय. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं उभं राहा. बहुतेक जण वरच्या कडेचं अमेरिगो व्हेस्पुचीचं (ज्याच्यावरून हे नाव पडलं, त्या इटालियन दर्यावर्दीचं) चित्र बघून पुढे सरकतात. तुम्ही खाली डावीकडच्या कोपऱ्यात बघा. दक्षिणेच्या लांबट पट्टीवर, आजच्या ब्राझीलच्या खालच्या अंगाला, ‘अमेरिका’ ही अक्षरं दिसतील. उत्तरेच्या तुकड्यावर आहे ‘पारियास’. ज्या देशाने २००३ साली एक कोटी डॉलर मोजून हा कागद जर्मनीतून आणला, त्याच्या भूमीवर ते नावच नाही!

आणखी एक गंमत बघा. मुख्य नकाशात दोन्ही तुकड्यांच्या मध्ये पाणी आहे, तर वरच्या छोट्या नकाशात तेच तुकडे सलग जोडलेले. खंड एक की दोन, हा वाद तेव्हाच कागदावर आला होता. खुद्द वाल्डझेमुलरनेही १५१३ च्या नकाशात ‘अमेरिका’ गाळून टाकलं. उत्तरेवर हे नाव चढवलं ते मर्केटर या दुसऱ्या नकाशाकाराने, १५३८ साली.

मेक्सिकोत शब्दांची खरी कसरत सुरू होते. लॅटिन अमेरिकेतल्या शाळांत बहुधा ‘आमेरिका’ हा एकच खंड शिकवतात. आपण सात खंड पाठ केलेले. त्यामुळे ‘उत्तर आणि दक्षिण अशी दोन खंडं’ हे आपलं साधं वाक्य तिथे एक बाजू घेतल्यासारखं ऐकू येतं. अमेरिकी माणसासाठी सगळ्यात निर्धोक शब्द ‘एस्तादोउनिदेन्से’, म्हणजे ‘संयुक्त संस्थानांतला’. जीभ अडखळते, म्हणून तुकडे पाडा: एस्तादो-उनि-देन्से. स्पॅनिश भाषेच्या अकादमीनेही ‘आमेरिकानो’ फक्त त्या एका देशासाठी वापरू नये असंच सुचवलंय. पण यालाही भोक आहेच. मेक्सिकोचं अधिकृत नाव ‘एस्तादोस उनिदोस मेहिकानोस’, म्हणजे तीही संयुक्त संस्थानंच. ‘नोर्तेआमेरिकानो’ म्हणावं तर मेक्सिको आणि कॅनडाही उत्तरेतच. ‘ग्रिंगो’ ऐकून घ्यावा, आपण वापरू नये; तो शिवी आहे की लाडाचा, हे सुरावर ठरतं. ब्राझीलमध्ये तर कुठल्याही परदेशी माणसाला ग्रिंगो म्हणतात, तिथे तुम्हीही ग्रिंगोच.

आणि तत्त्वाने भांडणारे हेच लोक रोजच्या बोलण्यात ‘व्हिसा आमेरिकाना’ म्हणतात. तो व्हिसा वैध असेल तर मेक्सिकोसाठी वेगळा काढावा लागत नाही. तरी निघण्याआधी नियम एकदा तपासा. संध्याकाळी टॅक्सीतल्या रेडिओवर ‘आमेरिका हरली’ असं कानावर आलं तर दचकू नका. तो १९१६ पासूनचा फुटबॉल क्लब आहे.

आपली स्वतःची अडचण याहून मोठी. कोलंबसच्या चुकीमुळे ‘इंदिओ’ हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांना चिकटला, आणि मेक्सिकोत तो हिणवायलाही वापरतात. स्वतःची ओळख करून देताना ‘सोय इंदिओ’ (मी इंदिओ) नको, ‘सोय दे ला इंदिया’ (मी भारतातला) म्हणा. उलट ते तुम्हाला विचारतील, ‘तुम्ही इंदू का?’ (आपल्याकडे हे आत्याचं नाव.) लिहिताना ‘हिंदू’, पण ‘ह’ मुका. प्रश्न धर्माचा नसून देशाचा असतो, म्हणून भारतीय मुसलमान किंवा ख्रिस्ती प्रवाशालाही तोच विचारतात. तिथे धर्माचा खुलासा करत बसू नये.

मेक्सिकोच्या आखातावरच्या व्हेराक्रूझ बंदराच्या धक्क्यावर फोनमधला गूगल मॅप उघडा. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनहून आखाताचं नाव बदलण्याचा आदेश निघाला आणि फेब्रुवारीपासून अमेरिकेतल्या फोनवर ‘अमेरिकेचं आखात’, मेक्सिकोतल्या फोनवर ‘मेक्सिकोचं आखात’, आणि इतरत्र कंसासकट दोन्ही. त्यामुळे दोन देशांचे फोन घेऊन फिरणाऱ्यांचं आपापसात नीट जुळत नाही. ठिकाण सांगताना सरळ शहराचं नाव सांगावं. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम यांनी त्याच महिन्यात १६०७ चा नकाशा दाखवला, ज्यात उत्तर भागावर ‘मेक्सिकन अमेरिका’ लिहिलंय. टोला झकास होता, पण त्या नकाशातही अमेरिगो आहेच.

अमेरिगोच नको म्हणणाऱ्यांचा शब्द पनामात भेटतो. तिथल्या गुना या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं ‘आब्या याला’, म्हणजे साधारण ‘पूर्ण परिपक्व भूमी’. मूळ रहिवाशांच्या संघटना आज हे नाव सगळ्या खंडासाठी वापरतात. आम्हाला ते आवडतं, तरी एक शंका उरते: केचुआ किंवा माया अशा इतर मूळ भाषा बोलणाऱ्यांसाठी तेही दुसऱ्याच्याच भाषेतून आलेलं. पनामा कालव्यावरच्या १९६२ च्या पुलाचं नाव मात्र अनेकवचनी: ‘पुएन्ते दे लास आमेरिकास’. स्पॅनिशमध्ये एकच खंड मानणाऱ्यांनी पुलासाठी बऱ्याच अमेरिका मानल्या.

शेवटचा मुक्काम मॉन्टेव्हिडिओ, उरुग्वेची राजधानी. जुन्या शहरात, सारांदी या फक्त पायी चालण्याच्या रस्त्यावर चित्रकार होआकिन तोरेस गार्सिया यांचं संग्रहालय आहे. त्यांनी १९४३ साली दक्षिण अमेरिकेचा नकाशा उलटा काढला: दक्षिण टोक वर, विषुववृत्त खाली. रस्त्यावरच्या दुकानांत तोच मगांवर, पिशव्यांवर आणि टी-शर्टवर छापलेला मिळतो. पिशवी घ्याल तर बंदाकडची बाजू नीट पाहून घ्या. टोक खाली लोंबत असेल तर ती छपाईची चूक.