फाइल शेअरिंग बंद ठेवून परफमॉन: मार्केट यार्डातली नोंद

दुसऱ्या मशिनचे काउंटर (प्रोसेसर, मेमरी, डिस्कच्या वापराचे आकडे) परफमॉनमध्ये, म्हणजे विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये, दिसत नाहीत म्हटलं की सल्ला ठरलेला: रिमोट रजिस्ट्री सर्व्हिस (मशिनची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, दुरून वाचू देणारी) चालू करा. विंडोज १० मध्ये ती मुळात बंद असते, त्यामुळे सल्ला बरोबर, पण अर्धाच.

सांगली मार्केट यार्डात मित्राची हळदीची अडत आहे. तिथलं बिलिंगचं मशिन हळू का चालतं ते मला दुरून बघायचं होतं. त्यावर ही सर्व्हिस चालू होती, माझ्या लॅपटॉपवरून पिंग जात होतं, युजर-पासवर्डही दोन्हीकडे सारखाच. तरी परफमॉनचं एकच पालुपद, नेटवर्क पाथ सापडला नाही, एरर ५३. पॉवरशेलमधलं (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) गेट-काउंटर, म्हणजे तेच आकडे मागणारी कमांड, तर मशिन ऑफलाइन असेल म्हणून मोकळं! आणि इकडे त्याच मशिनवरून शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या धडाधड प्रिंट होतायत.

मेख अशी की परफमॉन दूरच्या मशिनचे आकडे रजिस्ट्रीमार्फत मागतो, आणि ती मागणी 'विनरेग' नावाच्या नेम्ड पाइपमधून (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायची नळी) जाते. हा पाइप आयपीसी-डॉलर या छुप्या शेअरवर, म्हणजे एसएमबी या विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे पोर्ट (नेटवर्कचं नंबराचं दार) ४४५ वर. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधली 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'ची टिक काढली की फोल्डरांबरोबर हा रस्ताही गेला. पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड ४४५ वर मारून बघा, लगेच कळतं.

टिक परत लावायला मित्र तयार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबीवरूनच पसरला, तेव्हापासून त्याच्याकडे शेअरिंग बंद. ते भोक एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं होतं, पॅच मार्चमध्येच आला होता, हे सगळं सांगून झालं. "असू दे भावा, पण ते नको." खरं तर मलाही पटतं. फक्त आलेख बघायला ४४५ कशाला उघडायचा?

डब्ल्यूएमआयचा (मशिनची माहिती दुरून विचारायची विंडोजची सोय) पर्याय होता, पण त्याला पोर्ट १३५ आणि वर ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही. फायरवॉलला एवढी मोठी खिंड पाडायची म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. म्हणून विनआरएम (दुसऱ्या मशिनवर कमांड चालवायची विंडोजची सोय) घेतलं, एकच पोर्ट, ५९८५. बिलिंग मशिनवर ते चालू करणारी कमांड, एनेबल-पीएसरिमोटिंग, चालवली; नेटवर्क 'पब्लिक' असेल तर ती अडते, आधी 'प्रायव्हेट' करून घ्या. डोमेन (सगळ्या मशिनची ओळख एका सर्व्हरवर ठेवणारी व्यवस्था) नसल्यामुळे लॅपटॉपच्या ट्रस्टेडहोस्ट्समध्ये, म्हणजे विश्वासातल्या मशिनच्या यादीत, त्या मशिनचं नाव घातलं. फायरवॉलच्या नियमात रिमोट पत्ता फक्त माझ्या लॅपटॉपचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गेट-काउंटरला कॉम्प्युटरनेम, म्हणजे दूरच्या मशिनचं नाव, दिलं की गाडी परत ४४५ वरच जाते. तेच गेट-काउंटर इन्व्होक-कमांडच्या (दिलेली कमांड दूरच्या मशिनवर चालवणारी कमांड) कंसात टाकलं की ते त्या मशिनवरच चालतं आणि विनआरएमवरून फक्त उत्तर येतं. कायमच्या नोंदीसाठी लॉगमॅन या विंडोजच्या कमांडने तिथेच कलेक्टर (आकडे गोळा करून ठेवणारा) बसवला: दर १५ सेकंदाला प्रोसेसर, मोकळी मेमरी, डिस्कचा प्रतिसाद आणि प्रत्येक प्रोसेसचं (चालू प्रोग्रॅमचं) आयओ, म्हणजे वाचन-लेखन, सगळं सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलीत. नेटवर्क पडलं तरी नोंद तुटत नाही. मला तर ही पद्धत शेअरिंग चालू असतानाही बरी वाटते.

आता ज्यासाठी हा खटाटोप, ते. मशिन सकाळी रांगतं, नेमके सौदे सुरू व्हायच्या वेळी. प्रोसेसर निवांत, मेमरीही शिल्लक, पण डिस्कचा प्रतिसाद ०.३ सेकंदांच्या वर. जुनी फिरती हार्डडिस्क आहे, तरी ०.०२ च्या आसपास असायला हवा. आयओच्या रकान्यात सगळ्यात वर अँटीव्हायरस. त्याचा पूर्ण स्कॅन रात्री दोनला लावलेला, पण दिवाणजी दुकान बंद करताना मेन स्विचच पाडतात. मग हुकलेला स्कॅन सकाळी मशिन उठल्या उठल्या सुरू.

दिवाणजींची सवय मोडणं आपल्या हातात नाही. स्कॅन दुपारी, जेवणाच्या सुट्टीत लावलाय. एसएसडी सीझन संपल्यावर घेऊ म्हणतोय मित्र.